तारा आखूड पडल्या

आमच्या घराण्यात विमानात बसलेले कोणी नाही आणि कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यातून कला शाखेचा! विमानाच्या कारखान्यावर लिहितो म्हटल्यावर मित्र हसले. हसोत बापडे.

एअरबस कंपनीचे ए-३८० हे दुमजली विमान २७ एप्रिल २००५ रोजी प्रथम उडाले. त्याचे पंख ब्रिटनमध्ये, धडाचे मोठे भाग जर्मनीत हॅम्बुर्गला तयार होत आणि सांधणी फ्रान्समध्ये तुलूझला. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर तारा! हॅम्बुर्गहून आलेल्या भागांतल्या तारा तुलूझला जोडायला घेतल्या, तर कित्येक ठिकाणी त्या आखूड पडल्या.

कारण ऐकून नवल वाटेल. दोन्हीकडचे आराखडे संगणकावर, 'कॅटिया' या एकाच प्रणालीत काढलेले. पण जर्मनीत चौथी आवृत्ती आणि फ्रान्समध्ये पाचवी. एकीतले काम दुसरीत नीट उतरेना. शिवाय ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेसारखी वळत नाही, तिला वळणाला अधिक जागा लागते. हे हिशेब जुळलेच नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीवर असेच झाले. मोटर काकांनी आणली, पाईप अण्णांनी. मोटरीचे तोंड अडीच इंची, पाईप दोन इंची. माल दोघांचाही चांगला, पण कांद्याचे पाणी आठ दिवस खोळंबले.

असे सांधे आधीच सांभाळण्याच्या शास्त्राला सिस्टिम्स इंजिनिअरिंग म्हणतात. विमानाकडून काय हवे ते प्रथम लिहायचे, ते प्रत्येक भागाला वाटून द्यायचे, आणि दोन भाग जिथे भेटतात तिथली मापे दोन्ही पक्षांनी मान्य करून ठेवायची. पुढे कोणी काही बदलले की ते सर्वांना कळलेच पाहिजे. प्रकल्पाचा व्यवस्थापक पैसा आणि तारखा पाहतो. पण सांध्यांची खबर त्याच्यापर्यंत पोचत नसेल तर त्याचे वेळापत्रक म्हणजे नुसता कागद. (आमच्या स्नेहसंमेलनाच्या वेळापत्रकाची आठवण कोणाला झाल्यास माझा इलाज नाही.)

एअरबसला ही खबर फार उशिरा लागली. हॅम्बुर्गचे शेकडो कामगार तुलूझला नेऊन सुरुवातीच्या विमानांच्या तारा हातांनी नीट कराव्या लागल्या. जुलै २००६ मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळाले ते ऑक्टोबर २००७ मध्ये, जवळजवळ दोन वर्षे उशिरा. त्याआधी फेब्रुवारीतच कंपनीने दहा हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले होते. डॉलरचा घसरलेला भावही त्याला कारण होता, हे खरे. पण कोणती आवृत्ती वापरायची, हे त्या दहा हजारांना कोणी विचारले नव्हते.