पृष्ठकंप आणि ध्वनिदाब यांचे मापन

एखाद्या यंत्राचा गोंगाट कमी करावयाचा म्हटला की प्रथम प्रश्न उभा राहतो तो असा की, त्याचा नेमका कोणता भाग आवाज करतो? कान या बाबतीत फारसा विश्वासार्ह साक्षीदार नव्हे. हात लावून पाहावे, तर जो पत्रा सर्वांत अधिक थरथरतो तोच अपराधी, असे वाटू लागते. हा समज पुष्कळदा चुकीचा ठरतो आणि त्यापायी केलेला खर्च व्यर्थ जातो. ज्या भागाकडून एकूण ध्वनिशक्तीचा केवळ दहावा हिस्सा येत असेल, तो भाग संपूर्णपणे मुका केला तरी गोंगाट अर्ध्या डेसिबलनेही उतरत नाही. म्हणून पृष्ठभागाचा कंप आणि हवेतील ध्वनिदाब या दोन राशी वेगवेगळ्या मोजून त्यांचा संबंध तपासावा लागतो.

ध्वनिदाब मोजण्यासाठी प्रायः संघनक जातीचा ध्वनिग्राहक वापरतात. त्याचे वर्णन ई. सी. वेंट यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केले. धातूचे, काही मायक्रोमीटर जाडीचे ताणलेले पटल आणि त्याच्या पाठीशी अगदी जवळ बसविलेली स्थिर तबकडी, एवढीच त्याची मूळ रचना. दाबाने पटल हलले की दोहोंमधील अंतर बदलते, विद्युत् धारकता बदलते आणि त्या बदलाचेच विद्युत् संदेशात रूपांतर होते. डेसिबल मोजण्यासाठी आधारभूत मानलेला दाब २० मायक्रोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा सुमारे पाचशे कोटींवा भाग आहे. हे ध्यानात घेतले म्हणजे या साध्या दिसणाऱ्या साधनाची नजाकत कळते. मापनापूर्वी १,००० हर्ट्झ कंप्रतेचा, बरोबर १ पास्कल (९४ डेसिबल) दाब देऊन ते पडताळून घ्यावयाचे असते. घाईत हीच पायरी गाळली जाते.

कंपाच्या मापनात अडचणी अधिक आहेत. जाक व प्येर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाबविद्युत् परिणाम शोधून काढला. प्रवेगमापक त्यावरच उभारलेला आहे. स्फटिकावर एक लहानसे वजन बसविलेले असते. पृष्ठभाग हलला की त्या वजनाचा प्रवेगाच्या प्रमाणात असलेला जोर स्फटिकावर पडतो आणि तितका विद्युत् भार उत्पन्न होतो. परंतु हे साधन पृष्ठभागास चिकटवावे लागते, आणि खरी गोम येथेच आहे. १ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याच्या एका चौरस सेंटिमीटरचे वस्तुमान पाऊण ग्रॅमहून थोडेच अधिक भरते. त्यावर २० ग्रॅमचा प्रवेगमापक बसविला तर सुमारे ७८० हर्ट्झच्या पुढे तो स्वतःच पत्र्यास आवरू लागतो. मापक जो कंप दाखवितो, तो मग पत्र्याचा मूळ कंप नव्हे. एक ग्रॅमचा मापक घेतल्यास हीच मर्यादा १५,००० हर्ट्झच्या पलीकडे जाते. शिवाय तो मेणाने बसविला, चुंबकाने धरला की हातातील सळईने टेकविला, यावरही उच्च कंप्रतेचे मापन अवलंबून राहते. हातात धरलेल्या सळईवर भरवसा ठेवून काढलेले आकडे न काढलेलेच बरे.

आता कंपाचे आकडे बिनचूक मिळाले असे धरले, तरी त्यांवरून ध्वनी सरळ काढता येत नाही. विस्तीर्ण पृष्ठभाग सेकंदास १ मिलिमीटर वेगाने सर्वत्र एकाच वेळी पुढे-मागे होत असेल, तर त्याच्याजवळ सुमारे ०.४ पास्कल, म्हणजे ८६ डेसिबल ध्वनिदाब निर्माण होतो. पातळ पत्रा मात्र असा एकजुटीने हलत नाही. त्याच्यावर वाकणाऱ्या लाटा चालतात. एक पट्टा पुढे येतो तेव्हा शेजारचा मागे जातो आणि मधली हवा दूर न जाता एकीकडून दुसरीकडे नुसती सरकते. १ मिलिमीटर पोलादी पत्र्याच्या बाबतीत सुमारे १२,००० हर्ट्झपर्यंत हीच स्थिती राहते व ध्वनी मुख्यत्वे कडा आणि सांधे यांजवळूनच बाहेर पडतो. बरगड्या मारून पत्रा ताठ केला असता कंप घटतो, पण ध्वनी क्वचित वाढतोही. असा अनुभव आल्यावर मापकालाच दोष देण्याची प्रवृत्ती दिसते. ती बरोबर नव्हे.

वजनाची अडचण लेसर किरणांनी टळते. हलत्या पृष्ठभागावरून परतलेल्या किरणाची कंप्रता बदलते; हीलियम-निऑन लेसरच्या तांबड्या किरणासाठी सेकंदास १ मिलिमीटर वेगामागे हा फरक सुमारे ३,१६० हर्ट्झ असतो. पृष्ठभागास स्पर्श करावाच लागत नाही. उपकरण तेवढे महाग असते.

दुसरा मार्ग हवेच्या कणांचा वेग मोजण्याचा. १९९४ मध्ये नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठात हान्स-एलियास द ब्री यांनी असा संवेदक सिद्ध केला. त्यात दोन अतिसूक्ष्म तारा तापविलेल्या असतात. हवेच्या हालचालीने एकीची उष्णता दुसरीकडे वाहिली की त्यांच्या तापमानांत पडलेल्या फरकावरून वेग कळतो. कठीण पृष्ठभागाच्या अगदी जवळ हा वेग जवळजवळ पृष्ठभागाइतकाच असतो. बाहेरून येऊन परावर्तित होणाऱ्या आवाजाचा लंबदिशेतील वेग तेथे नगण्य असल्यामुळे, शेजारची यंत्रे चालू असतानाही मापन करता येते. ध्वनिग्राहकास ही सोय नाही. तो सर्वांचाच आवाज ऐकतो.

दाब आणि वेग एकाच ठिकाणी मिळाले म्हणजे त्यांच्या गुणाकाराच्या सरासरीवरून ध्वनितीव्रता काढता येते. दोहोंमध्ये ९० अंशांचा कलाभेद असला, तर दोन्ही राशी कितीही मोठ्या असोत, शक्ती बाहेर जात नाही. हेच काम जवळजवळ ठेवलेल्या दोन ध्वनिग्राहकांनीही साधते. परंतु त्यांच्यात १२ मिलिमीटर अंतर असेल, तर ६३ हर्ट्झ कंप्रतेस त्यांच्या संदेशांतील कलाभेद जेमतेम ०.८ अंश भरतो. ध्वनिग्राहकांची जोडी परस्परांशी याहून पुष्कळच काटेकोरपणे जुळलेली नसेल, तर ध्वनी पत्र्यातून बाहेर पडतो की पत्र्याकडे येतो, हेसुद्धा उलटे दिसू शकते.