हिवाळ्यातील चार दिवस : कच्छमधील मांडवी

दिवाळी आटोपते, पहाटेच्या वेळी पांघरूण अंगावर ओढून घ्यावेसे वाटू लागते आणि घरोघरी हिवाळ्याच्या सुट्टीचा विषय निघतो. थंड हवेच्या ठिकाणी थंडी अधिकच असणार आणि प्रसिद्ध समुद्रकिनाऱ्यांवर गर्दी उसळलेली असणार. अशा वेळी आपल्या देशाच्या पश्चिम किनाऱ्याचे उत्तरेकडील टोक सहसा कोणाच्या मनात येत नाही. आपण इंदूरला राहत असा, बडोद्याला असा, की हैदराबादला वा पुण्याला. यंदा कच्छमधील मांडवी या लहानशा बंदराचा विचार अवश्य करून पाहा.

मांडवी या शब्दाचा अर्थच मुळी जकातीची जागा असा आहे. रुक्मावती नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे सोळाव्या शतकात राव खेंगारजी पहिले यांनी हे बंदर वसविले. येथील गलबते मस्कत, झांजिबार आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत जात असत. महाराष्ट्राशीही या भूमीचे नाते जुनेच. १९५६ ते १९६० या काळात कच्छ आणि महाराष्ट्र हे द्वैभाषिक मुंबई राज्याचे भाग होते, हे आजच्या मुलांना सांगितले तर नवलच वाटेल.

हिवाळाच का, असे आपण विचाराल. पावसाळ्यात नैऋत्येचे वारे समुद्र खवळून सोडतात आणि उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडणे नकोसे होते. डिसेंबर ते फेब्रुवारी मात्र हवा कोरडी असते, समुद्र शांत असतो. शिवाय किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने तो समुद्रातच मावळताना दिसतो.

आता बेत कसा आखावा ते पाहू. प्रथम तारखा ठरवा. दिवाळीनंतरचा आठवडा आणि नाताळचे दिवस टाळता आले तर उत्तम. मांडवीला रेल्वे नाही; आगगाडीने भूजपर्यंत जावे लागते. मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघाले की सकाळी भूजला उतरता येते. अन्य ठिकाणांहून येणाऱ्यांस अहमदाबादला गाडी बदलणे सोयीचे पडते. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी खुले होते, तेव्हा तो दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा. भूजपासून मांडवी सुमारे साठ किलोमीटर. बस मिळते, वडीलधारी मंडळी बरोबर असल्यास मोटार ठरवावी. राहण्याची जागा गावाजवळ, आणि आजी-आजोबा असतील तर तळमजल्यावरची घ्या. दिवसा सुती कपडे चालतात, परंतु पहाटे व रात्री किनाऱ्यावर स्वेटर आणि कानटोपी हवीच.

यापुढचा सल्ला मात्र आमच्या एका चुकीतून आलेला आहे. पहिल्या वेळी आम्ही मांडवीला अवघे पाच तास दिले होते. बरोबर वडील होते. त्यांनी हयातभर शाळेत सुतारकाम शिकविले होते. नदीकाठी बांधणीला घेतलेले एक प्रचंड लाकडी जहाज दिसताच ते थांबले, फळीवरून हात फिरवू लागले आणि कारागिरांशी मोडक्या हिंदीत बोलू लागले. आम्ही मात्र घड्याळ पाहत होतो. राजवाडा बंद होईल, किनारा राहून जाईल, म्हणून दहा मिनिटांत त्यांना मोटारीत बसविले. परतताना ते एवढेच म्हणाले, “पुन्हा येऊ तेव्हा इथेच बसू.” ते पुन्हा येणे घडले नाही. वडील आज नाहीत.

म्हणून सांगतो, प्रवासाचे गणित काटेकोर करा, पण मुक्कामाचे दिवस मोकळे ठेवा. निदान तीन रात्री राहा. पांढरे रण पाहण्याची हौस असेल तर त्यासाठी वेगळे दिवस काढा. धोरडो भूजच्या उत्तरेस सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहे आणि मांडवी दक्षिणेस. दोन्ही एका दिवसात उरकू पाहणाऱ्याच्या पदरी रस्ताच अधिक पडतो.

पहिली सकाळ नदीकाठाला द्या. जाडजूड लाकडी बरगड्या, त्यांवर ठोकलेल्या फळ्या आणि फळ्यांच्या फटींत तेलात भिजवून ठासलेला कापूस, हे सारे मुलांना जवळून पाहता येते. एक जहाज पुरे व्हायला दोन-दोन, तीन-तीन वर्षे लागतात. पूर्वीची शिडे गेली, आता इंजिने आली; पोलादी जहाजांपुढे या लाकडी जहाजांचे काम कमी होत चालले आहे. ही विद्या बापाकडून मुलाकडे आली आहे, ती पुढे किती पिढ्या जाईल हे कोणी सांगावे? कारागिरांच्या परवानगीशिवाय मात्र जहाजावर चढू नये.

दुसऱ्या दिवशी विजय विलास राजवाडा पाहावा. गावापासून काही किलोमीटरवरील ही लाल दगडाची वास्तू १९२० ते १९२९ या काळात युवराज विजयराजजी यांच्यासाठी उभारली गेली. गच्चीवरील छत्रीतून झाडांच्या शेंड्यांपलीकडे समुद्र दिसतो. सायंकाळ किनाऱ्यावर काढा, परंतु भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्या. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तो हिशेब येथे जसाच्या तसा लावू नये. त्यापेक्षा एखाद्या खारवा खलाशाला विचारावे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी दूरवर ओसरते आणि तितक्याच जोराने परत येते, म्हणून मुलांना एकटे पुढे जाऊ देऊ नये.

तिसरा दिवस श्यामजी कृष्ण वर्मांचा. त्यांचा जन्म १८५७ साली याच गावी झाला. लंडनमध्ये १९०५ साली त्यांनी भारतीय विद्यार्थ्यांसाठी ‘इंडिया हाऊस’ उघडले. लोकमान्य टिळकांच्या शिफारशीने त्यांची शिष्यवृत्ती मिळवून विनायकराव सावरकर १९०६ साली तेथे गेले. १९३० साली श्यामजींचे जिनिव्हात निधन झाले. त्यांच्या अस्थी मायदेशी यायला २००३ साल उजाडले. येथील ‘क्रांतितीर्थ’ या स्मारकात त्या ठेवल्या असून त्या लंडनच्या घराची प्रतिकृतीही उभी केली आहे. ती पाहताना मुलांना एवढे विचारा : घराची ओढ असलेल्या माणसाने परत यायला किती वर्षे वाट पाहावी?

जेवणाची चिंता नको. बाजरीचा रोटला, वांग्याचे भरीत, खिचडी आणि ताक हे येथील साधे, पचायला हलके अन्न आहे. आपल्या शहरात गाड्यावर मिळणारी दाबेली मूळची मांडवीची मानली जाते. ती येथे खाण्यात मुलांना निराळीच गंमत वाटेल. बाजारात बांधणीची ओढणी घेताना कापड उन्हात धरून पाहा. गाठी सोडल्यावर उरलेल्या चुण्या हाताच्या कामाची साक्ष देतात.

आणि एक दिवस, शक्य तर अखेरचा, काहीही न ठरवता ठेवा. घरातील ज्येष्ठ माणसाला विचारा, “आज कोठे बसायचे?” ते सांगतील तेथे बसा. घड्याळ खोलीतच राहू द्या.