मथळ्यांतली मत्स्यशेती

अन्न आणि कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये जगातील जलचर प्राण्यांच्या उत्पादनात मत्स्यशेतीने प्रथमच मासेमारीला मागे टाकले; तिचा वाटा 51 टक्के झाला. मात्र मासे खाणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी मत्स्यतळे किंवा समुद्रातला पिंजरा पाहिलेला असतो. त्यांचे मत बनते ते बव्हंशी बातम्यांवरून. लोकांना कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात आणि वृत्तमाध्यमे कशाला ठळक जागा देतात, यांचा निकटचा संबंध मॅककोम्ब्स आणि शॉ या अमेरिकी अभ्यासकांनी 1972 मध्येच दाखवला होता.

सॅमन माशाचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. जानेवारी 2004 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात रोनाल्ड हाइट्स व सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे 700 सॅमन तपासल्यावर, पाळलेल्या माशांत पीसीबी, डायॉक्सिन अशी घातक रसायने मुक्त वाढलेल्या माशांपेक्षा जास्त आढळली. त्यातही स्कॉटलंड व फॅरो बेटांच्या माशांत सर्वाधिक. ही रसायने मुख्यतः खाद्यातील मासळीच्या तेलातून येत होती. बातमी जगभर गाजली आणि पाळलेला सॅमन व कर्करोग ही जोडी वाचकांच्या मनात घट्ट बसली.

प्रमाण मात्र मागे पडले. पाळलेल्या माशांत पीसीबी सरासरी अब्जांशी 37 भाग होते, मुक्त माशांत सुमारे 5, तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मर्यादा होती 2000. म्हणून संशोधक चुकले असे नव्हे. त्यांनी त्याच देशाच्या पर्यावरण संस्थेचा, आयुष्यभराच्या सेवनातील कर्करोगाचा धोका मोजणारा, कितीतरी कडक निकष लावला होता. एकच मासा एका सरकारी निकषाने बिनधोक आणि दुसऱ्याने महिन्यातून जेमतेम एकदा खाण्याजोगा ठरत होता. खरी बातमी या तफावतीत होती, पण मथळ्यात तिला जागा मिळाली नाही. बहुतेकांसाठी मासे खाण्याचे फायदे धोक्यांहून मोठे आहेत, असा निष्कर्ष 2006 मध्ये मोझॅफरियन व रिम या संशोधकांनी काढला; तो पहिल्या बातमीइतका गाजला नाही.

तरीही टीका म्हणजे कांगावा, असे म्हणता येणार नाही. आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर 1990 नंतर कोळंबीचे प्रकल्प झपाट्याने वाढले. परकीय चलनाचे आकडे दिमाखात छापले जात असताना गावोगावच्या विहिरी खाऱ्या होत होत्या, भातशेती जात होती. गांधीवादी कार्यकर्ते एस. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने केलेल्या पाहणीत मिळकतीपेक्षा नुकसान मोठे निघाले आणि 11 डिसेंबर 1996 रोजी न्यायालयाने किनारी नियमन क्षेत्रातील असे प्रकल्प हटवण्याचा आदेश दिला, पारंपरिक पद्धतींना त्यातून वगळले. पुढे 2005 मध्ये किनारी मत्स्यशेतीसाठी स्वतंत्र कायदा झाला. इथे उणे होते ते कौतुकाच्या बातम्यांत.

मत्स्यशेती हा एकजिनसी व्यवसाय नाही. गोड्या तळ्यातले रोहू-कटला, धरणातल्या पिंजऱ्यातला तिलापिया आणि खाडीकाठची कोळंबी यांचे खाद्य, पाणी आणि धोके वेगवेगळे. महाराष्ट्रात या तिन्ही प्रकारची शेती चालते. त्यामुळे कौतुकाची असो वा भीतीची, मराठी बातमीत मासा कोणता, पाणी कुठले आणि मोजमाप कोणत्या मर्यादेशी ताडले, या तीन गोष्टी असल्याच पाहिजेत; नसतील, तर वाचकांनी संपादकांना पत्र लिहून त्या मागाव्यात.