कासाराची नजर आणि प्रिंटरचं माप

"ताई, ही मुलगी दोन-चारची. दोन-सहा कुणी सांगितलं तुम्हाला?" चुडा भरताना भाचीचा हात हातात घेऊन कासार म्हणाला आणि माझ्या पोटात धस्स झालं. कारण तिच्या सोन्याच्या पाटल्या मी दोन-सहाच्या करून घेतल्या होत्या.

ही २०२३ सालची गोष्ट. भाची अमेरिकेत नोकरीला. माझ्या आईच्या जुन्या पाटल्या मोडून तिच्यासाठी नव्या घडवायचं ठरलं. मापासाठी मीच तिला एक तक्ता ईमेलनं पाठवला. त्यात वेगवेगळ्या मापांची वर्तुळं होती. कागदावर आपली बांगडी ठेवायची, आतल्या कडेशी जुळेल ते माप. तिनं ऑफिसात प्रिंट काढली आणि कळवलं, "मावशी, दोन-सहा." पाटल्या झाल्या. पण हात खाली केला की सरळ घसरून येत!

तो कागद तिनं बांगड्यांच्या डब्यातच ठेवला होता. रात्री आम्ही पट्टी लावली. दोन-सहा म्हणजे दोन इंच आणि वर इंचाचे सहा सोळांश, साधारण ६० मिलिमीटर. कागदावरचं वर्तुळ भरलं जेमतेम ५७, म्हणजे दोन-चारचं!

झालं असं, की तक्ता आपल्याकडच्या ए-फोर कागदासाठी केलेला. त्याची उंची २९७ मिलिमीटर. अमेरिकेतला लेटर कागद २७९ चा. प्रिंटरनं शहाणपणा करून सगळं चित्र कागदात बसवलं, म्हणजे सुमारे सहा टक्क्यांनी आक्रसवलं. बघायला काहीच चुकीचं वाटत नाही, तिथंच आपण फसतो.

मैत्रिणींनो, मापाचं काहीही छापताना 'फिट' हा पर्याय निवडू नका. 'अ‍ॅक्च्युअल साइज' किंवा 'शंभर टक्के' निवडा. प्रिंट हातात आली की आधी पट्टीनं मोजा. पट्टी नसेल तर एटीएम कार्ड घ्या. त्याची लांबी ८५.६ मिलिमीटर, जगभर सारखीच. आणि मापाच्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून पाठवू नका. फोटोत नुसते ठिपके असतात, मूळ कागद किती मोठा होता हे त्यातून कळत नाही. स्कॅन करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आमच्या बचत गटात बाळांची झबली शिवतात. तिथं आता मी नियमच केलाय. कटिंगचा कागद काढताना कोपऱ्यात पाच सेंटिमीटरचा चौकोन काढायचा. प्रिंटवर तो बरोबर पाच भरला, तरच कात्री उचलायची. पहिल्यांदा बायका हसल्या. एकदा तो पावणेपाच भरला, तेव्हा मात्र सगळ्या गप्प! कापड वाचलं होतं.

पाटल्या पुन्हा मोडायला मन धजेना. आईचं सोनं किती वेळा आगीत घालायचं? शिवाय घडणावळ दुसऱ्यांदा द्यायची. शेवटी कासारानंच तोड काढली. पाटल्या मागे सारून पुढे दोन-चारचा हिरवा चुडा भरला. बेतानं बसणाऱ्या त्या काचेच्या बांगड्यांनी सोनं अडवून धरलं.

निघताना मी त्याला विचारलं, "न मोजता कसं कळलं?" तो म्हणाला, "ताई, मी हात बघतो. तुम्ही कागद बघितला."