नाळ कापणाऱ्या हातात आता पदवी हवी

बारावीचा निकाल लागला की सानगडीत आणि भोवतालच्या खेड्यांत आपल्या घराघरांतून एकच प्रश्न निघतो, पोरीला पुढे काय शिकवायचे? डी.एड.ची हवा कधीच ओसरली. नुसते बी.ए. करून घरी बसलेल्या मुली प्रत्येक वस्तीत दिसतात. मग कोणीतरी नर्सिंगचे नाव काढतो आणि घरात दोन तट पडतात. आई म्हणते, या धंद्यात नोकरी लवकर लागते. आजोबा मात्र तोंड फिरवतात.

हे तोंड फिरवणे आधी नीट समजून घेतले पाहिजे. गेल्या जून महिन्यात विहारात मुलांना प्रवेशाची माहिती सांगायला आम्ही बसलो होतो. एका गवंडीकाम करणाऱ्या बंधूने सगळ्यांदेखत विचारले, "भाऊ, माह्या मायनं नाळ कापाचं काम सोडलं, अन् आता माह्या पोरीनं लोकाईचं गू-मूत काढाचं का जी?" बैठक गप्प झाली.

प्रश्न रास्त आहे. झाडीपट्टीतल्या जुन्या म्हाताऱ्यांना विचारा. बाळंतपणाला सुईण म्हणून बोलावणे यायचे ते बहुतेक आपल्याच वस्तीत. नाळ कापायची आपल्या आजीने, वार पुरायची तिने, विटाळाची लुगडी धुवायची तिने. बिदागी काय, तर सूपभर धान आणि एखादे जुने लुगडे. बाळ-बाळंतीण न्हाऊन शुद्ध झाली की त्याच आजीला त्या घराच्या ओसरीवर चढायची बंदी! अडलेली बाई सोडवण्याची विद्या तिच्या हातात होती, पण त्या विद्येला नाव नव्हते, दाम नव्हता आणि नाही म्हणण्याची सोयही नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली आणि आपल्या माणसांनी गावकीची कामे टाकली. मेलेली ढोरे ओढणे थांबले, कित्येक ठिकाणी त्याबरोबर सुईणपणही थांबले. ते थांबवताना उपास काढावे लागले. म्हणून आजोबा तोंड फिरवतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

पण १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात बाबासाहेबांनी जे दाखवून दिले ते इथे ध्यानात घ्यावे. जातीने नुसती कामे वाटून दिली नाहीत, काम करणारी माणसेच वेगळी पाडली आणि एकावर एक रचली. घाण त्या रचनेत होती. जखम धुण्यात, बाळंतिणीला सावरण्यात घाण कसली? आज दवाखान्यात जाऊन पाहा. आपल्या बाया तिथे आहेतच, हातात झाडू घेऊन, ठेकेदाराच्या हजेरीपटावर. प्रश्न दवाखान्यात जावे की नाही असा उरलेलाच नाही. झाडूने जायचे की पदवीने, एवढेच ठरवायचे आहे. नोंदणी क्रमांक असलेली नर्स रोग्याचे मलमूत्र पाहते तेव्हा ती ते मोजते, रंग बघते, तक्त्यावर लिहिते आणि डॉक्टरला सांगते. काम तेच दिसेल, पण तिच्या सहीला किंमत असते.

विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने स्वतःच्या मळात पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचकावर निजवले. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषा करणाराचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्र-वांती काढताना किळस वाटू नये आणि रोग्याचे मन धम्मवचनांनी प्रसन्न करता यावे. पहिले दोन गुण आजच्या नर्सिंगच्या अभ्यासक्रमात सरळ सापडतात. बाकीचे घरून न्यावे लागतात.

१८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर मुलगा यशवंत याच्यासह रोग्यांची सेवा केली. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतले आजारी पोर त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले आणि त्याच रोगाने १० मार्चला त्या गेल्या. इकडे नागपुरात तरुणपणीच विधवा झालेल्या कमलाताई होस्पेट यांनी नर्सिंग शिकून १९२१ साली मातृसेवा संघ उभा केला. त्या काळात पांढरपेशी घरेसुद्धा नर्सच्या पेशाकडे नाक मुरडूनच बघत. पुढे या पेशाला पदवी आली. १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर येथे देशातले पहिले पदवी वर्ग निघाले, मुंबईत एस.एन.डी.टी. विद्यापीठाने १९६४ मध्ये नर्सिंग महाविद्यालय काढले. आपल्या खेड्यापर्यंत ही बातमी यायला मात्र दोन पिढ्या गेल्या.

आता आपल्याच घरातले सांगतो. सिकलसेल हा शब्द भंडारा, गोंदिया, गडचिरोली, नागपूर या पट्ट्यात कोणाला नवा नाही. रक्तातली तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, रक्त अडते, पोराचे हातपाय ठणकतात, डोळे पिवळे होतात. हा रोग इथल्या आदिवासींत आणि आपल्या समाजात जास्त आहे. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता पोर रोगी निपजण्याची. तपासणी सोपी आहे, बोटाच्या थेंबभर रक्तावर सुरुवात होते. १ जुलै २०२३ रोजी केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची मोहीमही सुरू केली. तरी लोक तपासणी टाळतात, कारण लेकीचे लग्न अडेल ही धास्ती. कार्ड निघाले तर पेटीच्या तळाशी जाते. बाहेरून आलेल्या नर्सला ही धास्ती समजायला वर्ष लागते, आणि समजेपर्यंत तिची बदली होते! इथे रोवणीच्या बांधावर बसून "बाई, वाहक म्हणजे रोगी नव्हे, फक्त दोन वाहकांनी जोडी जमवताना विचार करा" असे सांगणारी आपल्याच बोलीतली पदवीधर नर्स पाहिजे. ती मुंबईहून येणार नाही. ती इथल्याच एखाद्या बीडी वळणाऱ्या बाईच्या घरात आज दहावीला असेल.

म्हणून दहावीतच शाखा ठरवताना जपावे. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी आहे. महाराष्ट्रात तिची बहुतेक महाविद्यालये १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. तिला बारावी विज्ञान लागते, भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन. गुणांची अट खुल्या वर्गाला ४५ टक्के, अनुसूचित जातीला ४० टक्के. शिवाय राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा. आपल्याकडे मुलीला जवळ म्हणून कला शाखेत घालतात आणि दोन वर्षांनी कळते की पदवीचे दार तिथेच लागले.

ज्या मुली कला किंवा वाणिज्य घेऊन बारावी झाल्या त्यांनी खचू नये. जी.एन.एम. हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम इंग्रजीसह ४० टक्के असलेल्या कोणत्याही शाखेला खुला आहे. तो पुरा करून दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. केले की पदवी हातात येते. ए.एन.एम. दोन वर्षांचे, त्यावरून उपकेंद्राची आरोग्य सेविका होता येते आणि पुढे जी.एन.एम.ला जाता येते. जिना उंच आहे, पण पायऱ्या आहेत. बी.एस्सी. झालेल्यांना उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणूनही नेमतात. मुलांनीही संकोच करू नये, दवाखान्यात ब्रदर लोकांची गरज आहे. आणि ज्याला रक्त बघवत नाही पण माणसांत रमतो, त्याने कोणत्याही शाखेची पदवी घेऊन समाजकार्याची, म्हणजे एम.एस.डब्ल्यू.ची पदव्युत्तर पदवी करावी. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून हे शिक्षण देते, नागपुरातही समाजकार्य महाविद्यालये आहेत. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक हे पद याच शिक्षणावर मिळते. गरीब रोग्याला योजनेचा कागद कुठे मिळतो हे सांगणारा माणूस तोच.

नोकरीचे गोड चित्र आम्ही रंगवणार नाही. रात्रपाळी आहे, एकेका नर्सवर झेपणार नाहीत इतके रोगी आहेत. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळे गेली, सात वाचली. चौकश्या झाल्या, कारवाया झाल्या. खाटा, माणसे, विजेची देखभाल यांचा हिशेब कोणाकडे असतो आणि जबाब कोणाला द्यावा लागतो, हे या पेशात शिरणाऱ्या प्रत्येक मुलीने आधीच जाणून असावे. कंत्राटी भरतीचाही प्रश्न आहे. मे २०२२ मध्ये राज्यभरच्या परिचारिकांनी ठेकेदारामार्फत भरतीच्या विरोधात संप केला तो उगाच नव्हे. आपली लेक नर्स होईल तेव्हा ती संघटनेची सभासदही झाली पाहिजे, नाहीतर सुईणीचे सूपभर धान आणि कंत्राटी पगार यांत फरक काय राहिला?

फसवणुकीबद्दल दोन शब्द कडक लिहावे लागतात. तालुक्याच्या गावी चौकाचौकांत पाट्या दिसतात, सहा महिन्यांत नर्सिंग, शंभर टक्के नोकरी. आमच्या ओळखीच्या एका शेतमजूर बाईने मंगळसूत्र मोडून अशा एका ठिकाणी पैसे भरले. मुलीला पांढरा कोट मिळाला, फोटो निघाला, एक सुंदर प्रमाणपत्रही मिळाले. त्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही तर कायद्याने ती नर्स नाही. खाजगी दवाखान्यात ती आज आयाच्या पगारावर सलाइन लावते. तेव्हा पैसे भरण्याआधी विचारा, कॉलेजला परिचर्या परिषदेची मान्यता आहे काय, पदवी कोणते विद्यापीठ देते, स्वतःचे किंवा करार केलेले रुग्णालय किती खाटांचे आहे? रोगी नसलेल्या इमारतीत नर्सिंग शिकता येत नाही. शनिवारी जाऊन वॉर्ड पाहून या. उत्तर द्यायला जो चिडतो त्याच्याकडे पोर घालू नका.

दलालापासून तर दहा हात दूर राहावे. तो व्यवस्थापन कोट्यात जागा मिळवून देतो आणि छाती फुगवून सांगतो. पण शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून गेलेल्या अनुसूचित जातीच्या मुलीलाच शिष्यवृत्ती आणि फी माफी मिळते, कोट्यातून गेलेलीला नाही. म्हणजे दलालाला पैसे देऊन आपण आपलाच हक्क सोडतो. घरचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, त्यावर असेल तर फ्रीशिप आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. सुरुवातीपासून तिचा दर नागपूर-पुण्या-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये ठरला, त्याहून लहान ठिकाणी कमी. हे पैसे बहुधा उशिरा येतात. पहिल्या सहा महिन्यांची खोली आणि खानावळ यांची तजवीज घरून किंवा समाजातून करावी लागते. प्रत्येक विहाराने धम्मचक्र दिनाच्या जमाखर्चातून दोन मुलींपुरती रक्कम बाजूला काढली तरी पुष्कळ झाले.

आम्ही पेशाने कारकून, त्यामुळे कागदावर आमचा जीव जरा जास्तच. पण नवबौद्ध मुलांचे प्रवेश गुणांपेक्षा कागदावर अधिक अडलेले आम्ही पाहिले आहेत. १९९० च्या दुरुस्तीनंतर केंद्रातही बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात, पण केंद्राच्या संस्थेसाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा चालत नाही. दाखल्यावरचे नाव, शाळेच्या टी.सी.वरचे नाव आणि आधारवरचे नाव अक्षराअक्षराने जुळले पाहिजे. जात वैधता प्रमाणपत्र निकाल लागल्यावर धावत मिळत नाही, त्याचा अर्ज अकरावीतच महाविद्यालयामार्फत करावा. त्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेची दाखलखारीज किंवा कोतवाल पंजीची नक्कल. पणजोबा शाळेत गेले नसतील तर चुलत आजोबांचे पाहा, वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कोणाचेही चालते. जुन्या नोंदवह्यांची पाने जीर्ण झाली आहेत, एकेक वर्ष जाते तसा मजकूर पुसतो आहे. नकलेसाठी शाळेत एप्रिलच्या आधीच जावे, उन्हाळ्याच्या सुटीत कारकून भेटत नाही.