भरलेला मोबाइल आणि परिग्रह-परिमाण

'स्टोरेज फुल' ही सूचना आता घराघरांत परिचयाची झाली आहे. ऐन समारंभात छायाचित्र निघत नाही, मुनिश्रींच्या विहाराची माहिती देणारा संदेश उघडत नाही, नातवंडाचा परदेशातून आलेला व्हिडिओ अर्ध्यावर थांबतो. वाशी, नेरूळ, खारघर वा पनवेल येथील सदनिकाधारकाला जागेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. घरातला माळा भरला, की रद्दीवाल्याला बोलावले जाते. मोबाइलमधील रद्दी मात्र डोळ्यांना दिसत नाही, तिचा वास येत नाही आणि तिच्यावर धूळही बसत नाही. म्हणून ती वर्षानुवर्षे साचत राहते आणि मग एके दिवशी घाईघाईने, हाताला येईल ते पुसून टाकले जाते. खरे नुकसान होते ते या घाईत.

परिग्रह-परिमाण हे श्रावकाचे पाचवे अणुव्रत. क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य अशा वस्तूंची मर्यादा गृहस्थाने स्वतःच आखून घ्यावी, असे हे व्रत सांगते. प्राचीन यादीत मोबाइल असणे शक्य नव्हते. परंतु तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवर केलेली नाही, ती मूर्च्छेवर म्हणजे आसक्तीवर केली आहे. कधीही न पाहिली जाणारी दहा हजार छायाचित्रे 'असू द्यात, लागतील केव्हातरी' म्हणून बाळगणे या व्याख्येच्या बाहेर राहत नाही.

शुभप्रभातीचा भार

ही अडचण भारतात विशेष तीव्र आहे. 'द वॉल स्ट्रीट जर्नल' या अमेरिकी दैनिकाने जानेवारी २०१८ मध्ये एक वृत्त दिले होते. भारतातील मोबाइल वारंवार का अडखळतात याचा शोध घेणाऱ्या गूगलच्या अभ्यासकांना त्याचे एक प्रमुख कारण सापडले, ते म्हणजे रोज सकाळी पाठवली जाणारी फुले, सूर्योदय आणि सुविचारांची शुभप्रभात-चित्रे. वेस्टर्न डिजिटल या साठवण-साधने बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीचा आधार देऊन त्याच वृत्तात म्हटले होते, की भारतात तीनपैकी एका मोबाइलधारकाची जागा रोज संपते. अमेरिकेत हेच प्रमाण दहांपैकी एक असे आहे. गूगलने डिसेंबर २०१७ मध्ये 'फाइल्स गो' हे साफसफाईचे ॲप भारतात सादर केले, त्यामागेही हीच पार्श्वभूमी होती. पुढे त्याचे नाव 'फाइल्स' झाले.

आपल्या समाजात या सकाळच्या चित्रांच्या जोडीला संवत्सरी आणि क्षमावाणीची चित्रे येतात. साधा हिशेब मांडून पाहावा. २०० सभासदांच्या एका गटात प्रत्येकाने 'मिच्छामि दुक्कडम्'चे २०० केबीचे एकच चित्र पाठवले आणि सर्वांच्या मोबाइलमध्ये आपोआप साठवण चालू असली, तर प्रत्येक मोबाइलमध्ये ४० एमबीची भर पडते. २०० मोबाइल मिळून हाच आकडा ८ जीबी होतो. एकाच भावनेच्या, बहुतांशी एकसारख्या दिसणाऱ्या चित्रांनी एवढी जागा व्यापावी, आणि ज्याचे मन खरोखर दुखावले त्याला मात्र दूरध्वनी करायचा राहून जावा, यात तंत्रज्ञानाचा दोष फारसा नाही.

प्रतिलेखन: आधी पाहावे

साधु-साध्वी आपली वस्त्रे आणि उपकरणे नित्यनेमाने उलगडून, बारकाईने पाहून पुन्हा ठेवतात. या क्रियेला प्रतिलेखन किंवा पडिलेहण म्हणतात. त्यामागील हेतू जीवरक्षणाचा आहे. गृहस्थाने त्यातून घेण्याजोगी शिस्त एवढीच, की वस्तूकडे पाहिल्याविना तिच्याविषयी निर्णय करू नये.

मोबाइलच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'स्टोरेज' हा विभाग असतो. छायाचित्रे, व्हिडिओ, ॲप आणि इतर फाइली यांनी किती जागा घेतली, हे तेथे ताळेबंदासारखे मांडलेले असते. हा ताळेबंद वाचल्यावर बहुतेकांचा अंदाज चुकलेला आढळतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याने काढलेले एक छायाचित्र साधारण ३ एमबीचे धरले, तर १,००० छायाचित्रे म्हणजे ३ जीबी. व्हिडिओचे मान निराळे आहे. फुल एचडी चित्रीकरण मिनिटाला किमान ६० एमबी घेते. फोर-के चित्रीकरण १७० ते ४०० एमबीपर्यंत जाते. म्हणजे एका तासाचे प्रवचन फुल एचडीमध्ये टिपले, तर तेच साडेतीन जीबीच्या पुढे जाते आणि सुमारे १,२०० छायाचित्रांची जागा व्यापते. याउलट एका मिनिटाच्या ध्वनिसंदेशाला काही शे केबी पुरतात.

या आकड्यांतून एक गोष्ट ध्यानात येते. सर्वाधिक जागा अडवणाऱ्या वस्तू आणि सर्वाधिक मोलाच्या वस्तू क्वचितच एक असतात. आजोबांच्या आवाजातील 'जयजिनेंद्र, जेवलात का?' हा दहा सेकंदांचा संदेश जागा जवळपास घेतच नाही, पण संपूर्ण संभाषण पुसताना पहिल्या फटक्यात तोच जातो. म्हणून मोबाइल मोकळा करताना आरंभ मोठ्या फाइलींपासून करावा. लहानसहान संदेशांना हात लावण्याची वेळ बहुधा येतच नाही.

व्हॉट्सॲपमध्ये 'सेटिंग्ज', नंतर 'स्टोरेज अँड डेटा' आणि नंतर 'मॅनेज स्टोरेज' येथे गेल्यास ५ एमबीहून मोठ्या फाइली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइली वेगळ्या काढून दाखवल्या जातात. त्याखाली कोणत्या गटाने किती जागा व्यापली, याचीही उतरत्या क्रमाने यादी असते. पहिल्या पाच गटांकडे लक्ष दिले तरी पुष्कळ काम होते.

उत्सर्ग: टाकतानाही सावधपणा

पाच समितींमध्ये आदान-निक्षेपण समिती वस्तू उचलण्या-ठेवण्यातील सावधपणा शिकवते, तर उत्सर्ग समिती टाकण्यातील. टाकाऊ वस्तू कोठे आणि कशी टाकावी, याचाही विचार ज्या परंपरेने केला, तिच्या अनुयायांनी 'सिलेक्ट ऑल, डिलीट' असे डोळे मिटून करणे शोभत नाही.

येथे काही तांत्रिक बाबी ठाऊक असणे आवश्यक आहे. 'कॅश' म्हणजे ॲपने सोयीसाठी साठवलेली तात्पुरती सामग्री. ती पुसली तर काही हरवत नाही. त्याच्याच शेजारी असलेले 'क्लिअर डेटा' हे बटण मात्र त्या ॲपमधील खाते आणि तेथे साठवलेली माहिती पुसून टाकते. दोन्ही बटणे जवळजवळ असल्याने गल्लत सहज होते.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असताना एखादे छायाचित्र 'डिलीट' केले, तर ते मोबाइलमधून जाते आणि क्लाउडमधूनही जाते. मोबाइलमधील प्रत काढून क्लाउडमधील ठेवायची असेल, तर त्याच ॲपमधील 'फ्री अप स्पेस' हा स्वतंत्र पर्याय वापरावा लागतो. 'क्लाउडवर आहेच' असे समजून गॅलरी रिकामी करणारे येथेच फसतात. सुदैवाने पुसलेले लगेच नष्ट होत नाही. गूगल फोटोजच्या कचरापेटीत बॅकअप झालेले छायाचित्र ६० दिवस आणि न झालेले ३० दिवस राहते; आयफोनमध्येही अशी सुमारे महिनाभराची सवड असते. याचाच दुसरा अर्थ असा, की कचरापेटी रिकामी होईपर्यंत जागा पूर्णपणे मोकळी होत नाही. आठवडाभर थांबून, घरातील सर्वांना विचारून मग ती रिकामी करणे उत्तम.

'एका क्लिकमध्ये मोबाइल साफ' असे आश्वासन देणारी अनोळखी ॲप टाळावीत. मोबाइलमधील मूळ सोयी या कामाला पुरेशा आहेत. संदेशातून आलेली एपीके फाइल तर मुळीच उघडू नये. अशा फाइलींद्वारे मोबाइलचा ताबा घेऊन बँक खात्यांतून रकमा काढल्या जातात. तसे घडल्यास बँकेला तत्काळ कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. गॅलरी चाळताना एटीएम कार्ड, कोरा सही केलेला धनादेश, पिन लिहिलेला कागद यांची छायाचित्रे आढळली, तर ती सर्वांत आधी काढावीत. ती जागा फारशी घेत नाहीत, पण जोखीम मोठी निर्माण करतात.

भरलेला मोबाइल हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. जागा नसेल तर सुरक्षा-अद्यतने आणि यूपीआय ॲपच्या नव्या आवृत्त्या उतरत नाहीत. एकूण क्षमतेच्या १० टक्क्यांहून कमी जागा उरली, की अँड्रॉइड मोबाइल कुरकुरू लागतो. ६४ जीबीच्या मोबाइलमध्ये सुमारे ६ जीबी कायम मोकळे ठेवणे, हे त्या मोबाइलचे परिमाण समजावे.

क्लाउड आकाशात नाही

'सगळे क्लाउडवर टाकून द्या' हा सल्ला सर्रास दिला जातो. ठाणे-बेलापूर मार्गावरून रोज जाणाऱ्या नवी मुंबईकरांनी तरी हा शब्द शब्दशः घेऊ नये. ऐरोली, रबाळे, महापे या औद्योगिक पट्ट्यात मोठ्या खिडक्या नसलेल्या ज्या भव्य इमारती दिसतात, त्यांपैकी कित्येक डेटा सेंटर आहेत. पनवेल येथे जुलै २०२० मध्ये सुरू झालेल्या एका डेटा सेंटरची क्षमता ७,२०० रॅकची आहे. समुद्राखालील केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, मोठ्या ग्राहक-संस्था जवळ आहेत आणि वीज व भूखंड उपलब्ध आहेत, म्हणून हा उद्योग येथे एकवटला. एखाद्या कुटुंबाची छायाचित्रे याच इमारतींत असतील असे नाही, ती परदेशातही असू शकतात. पण जेथे असतील तेथे अशीच इमारत, अशीच अहोरात्र चालणारी यंत्रे आणि त्यांना थंड ठेवण्यासाठी लागणारी अशीच वीज असते.

शास्त्रकारांनी आरंभ आणि परिग्रह हे शब्द जोडीने वापरले आहेत, कारण साठवण आली की तिच्या पाठोपाठ हिंसायुक्त उद्योगही येतो. क्लाउडवर ढकललेली रद्दी केवळ दुसऱ्याच्या माळ्यावर जाते. त्या माळ्याचे भाडेही असते. गूगल फोटोजची अमर्याद विनामूल्य साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून १५ जीबी विनामूल्य मिळतात. अँड्रॉइड मोबाइलवरील व्हॉट्सॲपचा गूगल खात्यावरील बॅकअपही त्यातच मोजला जातो. म्हणून क्लाउडवर आधी निवडलेले पाठवावे, सगळे नव्हे.

काय जपावे

बँकांनाही सर्व कागद कायम ठेवता येत नाहीत. त्यासाठी १९८५ चे अभिलेख-जतन नियम आहेत. काही नोंदी किमान ५ वर्षे आणि काही किमान ८ वर्षे ठेवाव्या लागतात. प्रकार आधी ठरतो, मुदत नंतर. कुटुंबालाही अशी तीन भागांची यादी करता येईल. शुभेच्छा-चित्रे आणि निमंत्रणे यांची मुदत कार्यक्रम संपेपर्यंत. पावत्या आणि व्यवहारांचे पुरावे त्यांची गरज असेपर्यंत. वडीलधाऱ्यांचे आवाज, जुनी छायाचित्रे, पाठशाळेतील मुलांचे पहिले स्तवन हे कायमचे. आधार, वाहन परवाना यांसारख्या कागदांसाठी डिजिलॉकर ही शासकीय सोय आहे. संबंधित कार्यालयाने तेथे थेट निर्गमित केलेल्या प्रती कायद्याने मूळ कागदासमान मानल्या जातात, त्यामुळे त्यांची दहा-दहा छायाचित्रे गॅलरीत ठेवावी लागत नाहीत.

कायमचे जे ठेवायचे, त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी असाव्यात. एक क्लाउडवर आणि एक पेन ड्राइव्ह वा हार्ड डिस्कवर. जैन समाजाला हे नवीन नाही. विदर्भातील कारंजा येथील मंदिरांच्या शास्त्रभांडारांत अपभ्रंश भाषेतील दुर्मीळ हस्तलिखिते शतकानुशतके टिकली, आणि १९३० च्या दशकात डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्या विद्वानांच्या प्रयत्नांनी त्यांतील काव्ये छापून जगासमोर आली. ती टिकली, कारण पूर्वजांनी निवडून लिहून घेतली, त्यांच्या प्रती केल्या, वेष्टनांत बांधली आणि वेळोवेळी उघडून त्यांना हवा दाखवली. नुसती कोंडून ठेवली असती, तर वाळवीने केव्हाच खाल्ली असती.

या काळजीसाठी परंपरेने दिवसही नेमून दिले आहेत. श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीची ज्ञानपंचमी आणि दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीची श्रुतपंचमी या दिवशी ग्रंथांचे पूजन होते, ते झाडून-पुसून पुन्हा बांधून ठेवले जातात. त्याच दिवशी दुपारी कुटुंबाने एकत्र बसून सर्वांचे मोबाइल तपासावेत. घरातील तरुणांनी आजी-आजोबांना बटणे दाखवावीत. आजी-आजोबांनी छायाचित्रातील माणसांची नावे आणि गावे सांगावीत, म्हणजे जे ठेवले ते कोणाचे, हे पुढच्या पिढीला कळेल.

उरलेल्या वर्षभरासाठी दोनच नियम पुरेत. व्हॉट्सॲपमधील आपोआप साठवण बंद ठेवावी, म्हणजे हवे तेच चित्र बोट लावल्यावर उतरेल. आणि येत्या संवत्सरीला किंवा क्षमावाणीला शंभर जणांना एकच चित्र पाठवण्याऐवजी ज्या पाच जणांची क्षमा खरोखर मागायची आहे, त्यांना दूरध्वनी करावा. त्याला एक केबीही जागा लागत नाही.