एसी मध्येच गरम हवा देतोय? गॅस भरण्याआधी डिस्प्लेवरचं बाहेरचं तापमान बघा

गेल्या मे महिन्यात आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी नाशिकहून मुंबईला न्यायचं होतं. आदल्याच दिवशी एसीचा गॅस भरून घेतला होता. पाथर्डी फाट्यापर्यंत गाडी गारेगार, आणि विल्होळी मागे पडेपर्यंत पुन्हा गरम वारा. आई मागे पदराने वारा घेत होती. "कॉम्प्रेसर गेला असेल," मेकॅनिकने फोनवर सांगितलं. म्हणजे मोठा खर्च. तेवढ्यात पुढे बसलेला भाचा म्हणाला, "मामा, बाहेर बर्फ पडलाय का?" डिस्प्लेवर बाहेरचं तापमान होतं उणे ४०!

आपल्या निफाडला कडाक्याच्या थंडीत पारा ५ अंशांच्या खाली जातो, पण उणे ४०? तेही मे महिन्यात? खरा आजार इथेच होता.

ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असलेल्या गाडीत बाहेरच्या हवेचं तापमान मोजणारा छोटा सेन्सर असतो, बहुतेक वेळा पुढच्या बंपर किंवा ग्रिलच्या मागे. आत थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, थंडी वाढली की रेझिस्टन्स वाढतो. आता वायरच तुटली तर? रेझिस्टन्स जवळपास अनंत. कंट्रोल युनिटला वाटतं, बाहेर भयंकर थंडी आहे. अनेक गाड्यांत तापमानाची पट्टीच उणे ४० पासून सुरू होते, म्हणून तोच आकडा दिसतो. आणि बाहेर एवढी थंडी आहे असं समजल्यावर बरीच युनिट्स कॉम्प्रेसर चालूच करत नाहीत. गॅस फुल्ल असला तरी काय उपयोग? (काही गाड्या अशा वेळी एक ठरावीक आकडा गृहीत धरून एसी चालू ठेवतात, काहींत नुसत्या रेघा दिसतात.)

घरी आल्यावर मल्टिमीटर काढला. सेन्सरचा कनेक्टर सोडवून त्याच्या दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजायचा. बऱ्याच गाड्यांत तो २५ अंशांना १० किलोओहमच्या आसपास असतो, ४० अंशांना साधारण ५, आणि बर्फाच्या पाण्यात ३० च्या वर. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असू शकतात, त्यामुळे सर्व्हिस मॅन्युअल बघा. पण दिशा तीच हवी. सेन्सर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फाच्या पाण्यात धरा, मग मुठीत धरा. आकडा सावकाश, सलग बदलला तर सेन्सर ठीक. मध्येच उडी मारली किंवा ढिम्म हललाच नाही, तर बदला. माझा अगदी ठणठणीत निघाला. नवीन घेतला असता तर पैसे पाण्यात!

मग इग्निशन चालू करून गाडीकडच्या कनेक्टरवर व्होल्टेज बघितलं. इथे सहसा ५ व्होल्ट मिळायला हवेत. मिळाले. पण वायर थोडी हलवली की गायब. बंपरमागे हात घातल्यावर कळलं: काही महिन्यांपूर्वी बंपर काढून बसवला होता, तेव्हा क्लिप तुटली होती आणि वायर ब्रॅकेटखाली चेपली गेली होती. गॅरेजमध्ये गाडी उभी असताना टोकं जुळायची, हायवेवर हादरे बसले की सुटायची. म्हणून तर गॅस भरल्यावर सगळं ठीक वाटलं होतं. सोल्डरिंग, वर स्लीव्ह, नवी क्लिप, काम झालं.

वायर आणि सेन्सर दोन्ही ठीक असूनही आकडा चुकत असेल, तर सेन्सरच्या जागी १० किलोओहमचा साधा रेझिस्टर जोडून बघा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात एक-दोन रुपयांत मिळतो. वरच्यासारखा सेन्सर असलेल्या गाडीत डिस्प्ले २५ च्या जवळ यायला हवा. नाही आला तर युनिटवर संशय घ्या, आणि तिथे मात्र स्कॅनर असलेल्या माणसाकडेच जा. स्वस्तातले ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा इंजिनचंच वाचतात, एसीच्या युनिटपर्यंत पोहोचत नाहीत.

एक मात्र आहे. द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर डिस्प्लेवर ४५-४६ दिसलं म्हणून लगेच बंपर उघडू नका. इंजिनची धग सेन्सरपर्यंत येते, आणि बऱ्याच गाड्या उभ्या असताना आकडा लवकर बदलत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवा, मग बघा.